आधार देण्याची रीत

विद्यापीठासाठीं प्रबंध लिहिणाऱ्या तरुणास पानाखालची बारीक अक्षरांतली टीप ही एक जाचक रूढि वाटते. आधीं मजकूर लिहून काढावा, आणि शेवटीं जागरण करून आठवतील तशीं ग्रंथांचीं नांवें खालीं डकवावीं, असा पुष्कळांचा परिपाठ आहे. राजीखुशीनें टीपा लिहिणारा विद्यार्थी विरळाच! परंतु टीप वाचकास मूळ कागदापर्यंत नेते कीं नाहीं, यावरच लेखनाचा कस लागतो. शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचा वाद पाहिला म्हणजे हें नीट उमजतें.

ग्रांट डफ याच्या १८२६ सालच्या इतिहासांत महाराजांचा जन्म मे १६२७ मध्यें झाल्याचें म्हटलें आहे. कांहीं बखरींतहि शके १५४९ चा वैशाख येतो. तिथि मात्र सर्वत्र एक नाहीं. पुढें अनेक पुस्तकांत हेंच साल उतरत गेलें. एखाद्यानें अशा दहा पुस्तकांचा हवाला दिला, तर दहा साक्षीदार उभे केल्यासारखें दिसतें. पण दहाहि जण एकाच बखरीवरून बोलत असतील, तर साक्ष एकच!

पुढें कारीच्या जेधे देशमुखांकडील शकावली लोकमान्य टिळकांच्या हातीं आली आणि १९१६ सालीं ती पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळापुढें मांडली गेली. तींत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, अशी नोंद आहे. महाराजांच्या हयातींतच कवींद्र परमानंदानें रचलेलें शिवभारत स. म. दिवेकर यांनीं १९२७ सालीं छापून काढलें. त्यांतहि तीच तिथि.

आतां जेधे शकावली स्वतः न पाहतां कोणा चरित्रकाराच्या ग्रंथांत तिचा उतारा वाचला असेल, तर टीपेंत एकट्या शकावलीचें नांव घालणें हें सरळ अप्रामाणिकपणाचें होय. अमक्या ग्रंथाच्या अमक्या पृष्ठावर उद्धृत, असें स्पष्ट लिहावें. आवृत्तीचें सालहि गाळूं नये. नव्या आवृत्तींत पृष्ठें सरकतात, आणि बिचारा वाचक निष्कारण पानें चाळीत बसतो.

तिथीचें रूपांतर करतांना मूळ तिथीहि द्यावी. शकांत ७८ मिळविले कीं इसवी सन निघतो, हा पाठ बहुतेकांस मुखोद्गत असतो; पण इंग्रजी वर्ष पौषाच्या सुमारास पालटत असल्यामुळें फाल्गुनांतील तिथीस ७९ मिळवावे लागतात. घाईनें हिशेब करणारा १६२९ लिहून मोकळा होतो. मूळ तिथि टीपेंत नसेल, तर ही चूक कोणाच्या ध्यानांतहि यावयाची नाहीं. शिवाय १९ फेब्रुवारी ही जुन्या जूलियन गणनेची तारीख. नव्या गणनेनें तीच १ मार्च होते. कोणती गणना धरली, हें सांगण्यास दोन शब्द पुरतात.

वादग्रस्त प्रश्नांत विरुद्ध पक्षाचा आधारहि तितक्याच काळजीनें द्यावा. १६३० साल मानणाऱ्यानें १६२७ सांगणाऱ्या बखरी कोणत्या, त्यांतील तिथि कोणती, छापील प्रत कोणती व पृष्ठ कोणतें, हें सर्व मांडलें पाहिजे. नाहीं तर वाचकानें तोलावें तरी काय?