आखात, आपली माणसे आणि आपले धोरण



परराष्ट्रनीतीवरील व्याख्यान म्हटले म्हणजे वक्त्याने साऱ्या पृथ्वीचा फेरफटका घडवून आणावा, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. पण तासाभरात एवढा प्रवास माझ्याने होणार नाही. मी आज एकाच समुद्रापुरते, इराणच्या आखातापुरते, बोलणार आहे. आणि त्यातही पुष्कळसे एकाच वर्षाविषयी, म्हणजे ऑगस्ट १९९० ते जुलै १९९१ या काळाविषयी. अशांत प्रदेशाच्या शेजारी राहणाऱ्या देशाचे हात कशाकशात गुंतलेले असतात, हे त्या वर्षाने आपल्याला जितके स्वच्छ दाखवले तितके दुसऱ्या कोणत्या वर्षाने क्वचितच दाखवले असेल.

आधी थोडे जुने नाते सांगतो. आपल्याकडच्या नथीत जो बसऱ्याचा मोती असे, तो बसऱ्यास पिकत नसे. बहारीन, कुवेत, कतार यांच्या उथळ समुद्रातून पाणबुडे तो काढीत. आणि जगाच्या बाजारात जाण्यापूर्वी तो मुंबईस येई, तेथे त्याची पारख होई, मोल ठरे. बसऱ्याहून अरबी घोडे येत, खजूर येई; इकडून तांदूळ, कापड, इमारती लाकूड जाई. इंग्रजांचा आखातातील रेसिडेंट बुशहरला राहत असे, पण १८७३ पर्यंत त्याचे वरिष्ठ मुंबईस बसत. रुपया तर स्वातंत्र्यानंतरही तिकडचे चलन होता. तो देऊन तिकडे सोने घ्यावे आणि चोरून आपल्या किनाऱ्यावर उतरवावे, हा धंदा इतका बोकाळला की १९५९ साली आखातासाठी वेगळ्या नोटा काढाव्या लागल्या. कुवेतने १९६१ साली स्वतःचा दिनार काढला. १९६६ च्या जूनमध्ये आपण रुपयाचे अवमूल्यन केले, तेव्हा उरलेल्यांपैकी बहुतेकांनीही रुपयाला रामराम ठोकला. त्या काळी सोने आखातातून मुंबईस येत होते, एवढी गोष्ट कृपा करून ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडेल.

१९७३ नंतर तेलाचे भाव चढले, वाळवंटात शहरे उठू लागली आणि ती उठवण्यासाठी आपली माणसे तिकडे गेली. केरळातून सर्वांत अधिक गेली, हे खरे. परंतु रत्नागिरी-रायगडाकडच्या काही गावांतही चिऱ्याचे नवे घर दिसले म्हणजे ते कोणाच्या पैशाचे, हे विचारावे लागत नसे. गवंडी, सुतार, आचारी, कारकून, परिचारिका असे हे लोक. त्यांना कोणी परराष्ट्रनीतीचे घटक म्हटले नसते.

२ ऑगस्ट १९९० रोजी सद्दाम हुसेन यांच्या फौजांनी कुवेत गिळले. त्या दिवशी तेथे सुमारे पावणेदोन लाख भारतीय होते. बँका बंद, दिनाराला किंमत नाही, मालक पळालेला, अन्न किती दिवस पुरेल याचा भरवसा नाही. दिल्लीत विश्वनाथ प्रताप सिंह यांचे सरकार होते आणि इंद्रकुमार गुजराल परराष्ट्रमंत्री. ते ऑगस्टातच बगदादला गेले. सद्दामनी त्यांना मिठी मारली आणि ते छायाचित्र जगभर छापून आले.

त्या मिठीवर तेव्हा फार टीका झाली, अजूनही होते. टीकाकारांचे म्हणणे हलके नव्हे. लहान शेजाऱ्याला मोठ्याने गिळावे आणि पंचशीलाचा उच्चार करणाऱ्या देशाच्या मंत्र्याने गिळणाऱ्याच्या गळ्यात पडावे, हे चित्र शोभत नाही. पण दुसऱ्या बाजूला काय होते तेही पाहू. कुवेतहून बसरा, तेथून बगदाद, तेथून वाळवंट ओलांडून जॉर्डनमधील अम्मान, अशी आपल्या माणसांना सुटकेची वाट होती. आणि तिचा बहुतेक सगळा पल्ला इराकच्या मुठीत होता. ती मूठ उघडली. बसेस सुटल्या. १३ ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत एअर इंडियाच्या विमानांनी सुमारे ४८८ फेऱ्या करून एक लाख अकरा हजारांहून अधिक माणसे अम्मानहून मुंबईस आणून सोडली. नागरी विमानांनी एवढी माणसे हलवल्याचे दुसरे उदाहरण तोवर नव्हते. त्या विमानांतून उतरलेल्यांपैकी पुष्कळांच्या हातात एक पिशवी होती, आणि वर्षानुवर्षांची बचत कुवेतच्या बँकेत अडकली होती.

माझे मत विचाराल तर बगदादला जाणे बरोबर होते. ज्याच्या हातात आपली माणसे आहेत त्याच्याशी बोलणे, हे राजदूताच्या धर्मातच बसते. चूक झाली ती दुसरीकडे. कुवेतवरील आक्रमण हा अन्याय आहे, हे आपण पहिल्या आठवड्यातच खणखणीत बोलायला हवे होते; आपण जे बोललो ते इतके गुळमुळीत होते की कुवेतच्या लोकांना ते ऐकूच गेले नाही. दोन्ही गोष्टी एकत्र करता आल्या नसत्या, असे काही जाणते सांगतात. मला ते पटत नाही. परंतु पावणेदोन लाखांची जबाबदारी ज्यांच्या शिरावर होती त्यांच्या जागी मी नव्हतो, हेही मी विसरत नाही.

पुढचा अंक अधिक बोलका आहे. नोव्हेंबरात चंद्रशेखर पंतप्रधान झाले. जानेवारी १९९१ मध्ये युद्धाला तोंड लागले आणि बाहेर फुटले की अमेरिकेची लष्करी वाहतूक विमाने मुंबईसह आपल्या काही विमानतळांवर इंधन भरून पुढे जात आहेत. ऑगस्टात इराकशी गळाभेट आणि जानेवारीत इराकवर चालून जाणाऱ्यांना इंधन! राजीव गांधींनी आक्षेप घेतला. त्यांच्या पाठिंब्यावरच सरकार उभे होते. फेब्रुवारीत ही सोय बंद झाली. याला धरसोड म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण धरसोड का होते? त्याचे उत्तर परराष्ट्र खात्यात सापडत नाही. ते मुंबईत, रिझर्व्ह बँकेच्या तळघरात सापडते.

आक्रमणापूर्वी पिंपामागे सतरा-अठरा डॉलरांच्या आसपास असलेले तेल ऑक्टोबरात दुपटीहून महाग झाले. जे लोक दरमहा घरी पैसे पाठवीत तेच परत आले होते. परदेशस्थ भारतीयांनी ठेवलेल्या ठेवी काढल्या जाऊ लागल्या. तूट आधीपासून होतीच. वर्षानुवर्षे कर्ज काढून दिवाळी करण्याची खोड काही सद्दाम हुसेन यांनी लावली नव्हती. पण या धक्क्याने भांडे उपडे झाले. १९९१ च्या उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतेच परकीय चलन शिल्लक उरले. नाणेनिधीकडे हात पसरायचा, तर तेथे अमेरिकेचा शब्द चालतो. अशा वेळी त्या देशाचे विमान इंधन मागू लागले, तर 'नाही' म्हणायला जीभ किती रेटते? मे महिन्यात वीस टन सोने परदेशी विकले गेले, परत घेण्याच्या बोलीने. जुलैमध्ये आणखी सुमारे सत्तेचाळीस टन सोने मुंबईहून विमानाने निघाले आणि बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण पडले. ज्या शहरात एकेकाळी आखाताचे सोने चोरट्या वाटेने उतरत होते, तेथून देशाचे सोने राजरोस बाहेर गेले.

ज्याची तिजोरी रिकामी त्याची मैत्री आणि त्याचा निषेध, दोन्ही उसने, असा त्या वर्षाचा अर्थ मी लावतो. त्यानंतर तिजोरीची काळजी आपण घेतली, हे मान्य केले पाहिजे. २००९ साली नाणेनिधीकडूनच आपण दोनशे टन सोने विकत घेतले. २०२४ साली परकीय चलनाचा साठा सहाशे अब्ज डॉलरांच्या पुढे होता. आणि त्याचा फरक धोरणातही दिसला. २०१५ साली येमेनमध्ये सौदी अरेबियाने हवाई हल्ले सुरू केले, तेव्हा आपण सौदीशी बोललो. सनाच्या विमानतळावर ठरावीक वेळ बाँबहल्ले थांबवून त्यांनी आपल्या विमानांना उतरू दिले. दुसरीकडे 'सुमित्रा', 'मुंबई' आणि 'तर्कश' या आपल्या नौदलाच्या जहाजांनी एडन, हुदैदा अशा बंदरांतून माणसे उचलून जिबूतीस नेली. साडेचार हजारांवर भारतीय सुटले आणि त्यांच्याबरोबर एक्केचाळीस देशांचे साडेनऊशेहून अधिक लोक. सर्वांशी बोलण्याचे धोरण तेच होते, पण या वेळी त्याच्यामागे आपली जहाजे होती.

मात्र तेलाचे काय? मे २०१९ मध्ये अमेरिकेने सवलत काढून घेतली आणि आपण इराणचे तेल घेणे थांबवले. इराणशी आपले भांडण नव्हते. त्याचे तेल आपल्या किनाऱ्याला जवळचे, आपल्या कारखान्यांना सोयीचे. तरी थांबवले. सोने परत आले, पण 'नाही' म्हणण्याची ताकद अजून पुरती आलेली नाही.

होर्मुझची सामुद्रधुनी अरुंदात अरुंद जागी तेहतीस-चौतीस किलोमीटर रुंद आहे. एका बाजूस इराण, दुसऱ्या बाजूस ओमानचे मुसंदम. जहाजांनी जाण्याचा आणि येण्याचा पट्टा प्रत्येकी दोन सागरी मैल. १९७३ च्या अनुभवानंतर पाश्चात्त्य देशांनी संस्था काढून आपसांत नियम केला, की प्रत्येकाने नव्वद दिवसांच्या आयातीइतके तेल गाठीशी ठेवावे. आपण १९९१ चा चटका सोसला आणि सरकारी साठ्याचा निर्णय घेतला तो २००४ साली. विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर येथे खडक पोखरून केलेल्या गुहांत मिळून त्रेपन्न लाख टनांवर तेल मावते. काठोकाठ भरल्या तर देशाच्या साडेनऊ दिवसांच्या गरजेइतके, असा सरकारचाच हिशेब आहे. तेल कंपन्यांचे स्वतःचे साठे याहून कितीतरी मोठे आहेत, ही समाधानाची बाब. पण ते धंद्याचे साठे आहेत, रोज हलणारे. चंडीखोलच्या नव्या आणि पादूरच्या वाढीव साठ्याला २०२१ साली मंजुरी मिळाली. खडक फोडायला वर्षे लागतात आणि निवडणुकीच्या सभेत दाखवायला त्यात काही नसते.

स्वयंपाकाच्या गॅसची गोष्ट तर याहून नाजूक. २०२४-२५ या वर्षी देशाने तीन कोटी टनांहून अधिक गॅस जाळला. त्यातला निम्म्याहून अधिक बाहेरून आणला, आणि त्याचाही बहुतेक भाग याच चिंचोळ्या वाटेने आला. त्याच्यासाठीही जमिनीखाली दोन गुहा आहेत. विशाखापट्टणमची साठ हजार टनांची आणि २०२५ साली पुरी झालेली मंगळूरची ऐंशी हजार टनांची. तीन कोटींना तीनशे पासष्टांनी भागून पाहिले, तर दोन्ही गुहा मिळून दोन दिवसही पुरत नाहीत.