फगातील मादी

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात टेंभी नाका, ठाणे येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



यंदाच्या संमेलनात कोणत्या विषयावर बोलणार, असे कार्यकारी मंडळाने विचारले तेव्हा आम्ही ‘चिंबोरी’ असे उत्तर दिले आणि बैठकीत हशा पिकला. हसणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. अशा व्यासपीठावर शिक्षण, शिष्यवृत्ती, गुणवंतांचा सत्कार हे विषय शोभतात. फगाची गोष्ट बंदरावर शोभते. परंतु हे बंदर येथून किती दूर आहे? टेंभी नाक्यावरून स्टेशनकडे उतरावे, तो रेल्वेच्या दोन्ही अंगांस विभागलेला आपला चेंदणी कोळीवाडा लागतो आणि पूर्वेस पुढे गेले की मीठबंदर. एवढ्या अंतरावर खाडी असून आपल्या मुलांपैकी कितीजणांनी फग पाण्यात सोडलेला पाहिला आहे, हा प्रश्न आम्ही आमच्या घरातही विचारला. उत्तर समाधानकारक नव्हते.

म्हणून प्रथम फगाविषयी. लोखंडी किंवा वेताचे एक कडे, त्यास सैल झोळीसारखे विणलेले जाळे, मध्यभागी आमिष घट्ट बांधलेले, कड्याला तीन-चार ठिकाणी दोऱ्या आणि त्या वर एकत्र आणून लांब दोरास जोडलेल्या. याहून अधिक सामग्री लागत नाही. आमिषाला मुशीचा तुकडा, माशाचे डोके, काहीही चालते. मात्र त्याचा वास पाण्यात पसरला पाहिजे, कारण गढूळ पाण्यात चिंबोरी आपले अन्न मुख्यतः वासावरून शोधते. भरतीचे पाणी तिवरांच्या मुळांत शिरू लागले की तीही त्याबरोबर वर चढते. काठावर बसलेला माणूस वाट पाहतो आणि ठरावीक वेळाने दोर एकदम, न थबकता वर ओढतो. हळू ओढले तर चिंबोरी कड्यावरून निसटते. झटक्याने ओढले तर झोळी खाली ताणली जाते आणि ती तीत बसते. ज्यांचा हात या कामात बसला आहे ते दोराच्या वजनावरून आत काय आहे ते सांगतात. आमचा हात कधी बसला नाही, हे कबूल करतो.

कोळंबीची रीत निराळी. खाजणाच्या उघाडीवर ओहोटीच्या तोंडाला जाळे लावतात, अरुंद खाडीत बोकशी लावतात, आणि आपल्या भगिनी कंबरभर पाण्यात आसू ढकलीत जात असत. यांत जे येईल ते सर्व एकदम येते. कोळंबीबरोबर बोटभर पिल्लेही येतात आणि ती निवडीपर्यंत मरतात. शेवंडीला खडक आणि खारे पाणी हवे. ती आपल्या खाडीच्या आतल्या भागात यावयाची नाही.

फगाचे वैशिष्ट्य हे की त्यात आलेला जीव जिवंत व धडधाकट असतो, आणि तो ठेवावा की सोडावा हे आपल्या हाती राहते. आजचे भाषण याच एका गोष्टीसाठी आहे.

चिंबोरी उलटी करून पाहा. पोटाखालचे झाकण अरुंद व टोकदार असेल तर नर. रुंद, गोलसर असेल तर वयात आलेली मादी. मादीचे हे रुंद झाकण वयात येतानाच्या कातीबरोबर येते. त्या वेळी ती मऊ असते, नर तिची राखण करतो आणि मीलन होते. पुढे तिच्या कवचाच्या आत केशरी अंडाशय भरू लागते. तीच आपण ताटात शोधतो ती लाख. लाख भरली की मादी खाडी सोडून समुद्राकडे निघते. अंडी पोटाखाली बाहेर येतात ती बहुधा तिकडेच. म्हणून बाहेर अंडी लागलेली चिंबोरी आपल्या खाडीत क्वचितच दिसते.

यावरून आपण एक सोयीची समजूत करून घेतली आहे: ‘अंड्यांची मादी आपण मारीत नाही.’ बंधूंनो, ही समजूत खोटी आहे. लाखेची मादी हीच अंड्यांची मादी आहे, फक्त वाटेवर निघालेली. तिच्या पोटी लाखो अंडी असतात आणि त्यांपैकी एकही समुद्रास मिळत नाही. शिवाय बाजारात तिलाच अधिक भाव! तो भाव कोण वाढवितो? कोळी नव्हे. आम्ही वाढवितो, जावई घरी आले की ‘लाखेच्याच द्या’ असे सांगणारी आमचीच घरे. आमच्या घरी वर्षानुवर्षे असेच चालत आले आहे.

खाडीची दशा शहराच्या सांडपाण्याने आणि भरावाने बिघडली, यात शंका नाही. ते मोठे दुखणे आहे आणि त्यासाठी मोठ्या दारी गाऱ्हाणे घालावे लागेल. खाडीचा एक भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य झाला आणि २०२२ साली रामसर यादीत गेला. पाखरांचा मान झाला, आनंद आहे. पण लाखेचा हट्ट कोणत्या सरकारने आपल्यावर लादला?

असा हट्ट कोठे नेतो, याचे उदाहरण दूरचे नाही. मुंबईच्या समुद्रात चपट्या अंगाची, वाळूत राहणारी शेवंड १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून ट्रॉलरच्या जाळ्यांत विपुल येऊ लागली. अंड्यांच्या माद्याही त्यांतच येत. १९९४ पर्यंत ती जवळजवळ नाहीशी झाली. निर्यातीच्या शेवंडीचे किमान वजन केंद्र शासनाने ठरविले ते २००३ साली.

उलट अमेरिकेतील मेन राज्यात मोठ्या नांग्यांची शेवंड पिंजऱ्यांनीच धरतात. अंड्यांची मादी सापडली की धरणारा तिच्या शेपटीच्या पंखास खाच पाडतो आणि तिला पाण्यात सोडतो. पुढे तीच मादी अंड्यांवाचून दुसऱ्याच्या पिंजऱ्यात आली, तरी खाच पाहून तोही सोडतो. कायदा आहे हे खरे. पण भर समुद्रात शिपाई कोठून येणार? दुसऱ्याने पाडलेल्या खाचेचा मान राखण्याची तेथे रीत पडली आहे.

आपल्याकडे कात टाकलेली मऊ, पाणचट चिंबोरी जुनी माणसे सोडून देत. ‘अमावास्येची भरलेली, पौर्णिमेची पोकळ’ असे ती म्हणत. चंद्राचा त्यात कितपत हात आहे याचा वाद आम्ही येथे घालीत नाही. पोकळ चिंबोरी बहुधा नुकती कात टाकलेली असते, इतके खरे. तिला सोडण्यात पुण्यापेक्षा व्यवहार अधिक होता: काही आठवड्यांनी ती भरून येई. त्याच व्यवहाराने रुंद झाकणाची मादी सोडावी, असे आमचे म्हणणे आहे. फगावर बसणाऱ्याचे त्यात नुकसान आहे, हे आम्ही जाणतो. म्हणून घेणाऱ्यांनी आधी सुरुवात करावी, नराला मादीचा भाव द्यावा. नराच्या नांग्यांत मांस अधिक असते, तेव्हा पैसे अगदीच पाण्यात जाणार नाहीत.

हा ठराव मंडळापुढे आम्ही लेखी दिला आहे. काही बंधूंचा विरोध आहे आणि एका वडीलधाऱ्या भगिनींनी तर ‘लाखेवाचून कालवण कसले?’ असे आम्हांस तोंडावर विचारले. त्यांना देण्याजोगे उत्तर आमच्याजवळ अद्याप नाही. पुढील महिन्यात आमचे जावई येत आहेत. त्यांच्या ताटात नर चिंबोरी वाढावयाची असे घरात ठरले आहे. ठरले म्हणजे, आम्ही ठरविले आहे. त्या भगिनींना त्या दिवशीचे जेवणाचे आमंत्रण आम्ही येथूनच देतो.