क्रमांक खरा, तरी दावा परत

अमेरिकेत डॉक्टरने रुग्ण तपासला म्हणजे विम्याचे पैसे मिळालेच, असे नाही. दाव्यावर त्याचा दहा अंकी ओळख क्रमांक असावा लागतो. १९९६ च्या कायद्याने या पद्धतीचा पाया घातला आणि २३ मे २००७ पासून, लहान योजना वगळता, ती सर्वत्र बंधनकारक झाली. तत्पूर्वी प्रत्येक विमा कंपनी डॉक्टरला आपापला निराळा क्रमांक देत असे. एक क्रमांक झाल्यावर घोटाळे संपावेत, ही अपेक्षा गैर नव्हती.

परंतु क्रमांक दोन प्रकारचे आहेत. एक व्यक्तीचा, दुसरा संस्थेचा. डॉक्टरने नोकरी बदलली तरी त्याचा क्रमांक तोच राहतो. ज्या संस्थेमार्फत पैसे मागावयाचे ती मात्र बदलते. दाव्याच्या छापील नमुन्यात २४ व्या रकान्यात तपासणाऱ्या डॉक्टरचा आणि ३३ व्या रकान्यात पैसे मागणाऱ्या संस्थेचा क्रमांक लिहावयाचा असतो. घाईत लिपिक दोन्हीकडे डॉक्टरचाच क्रमांक घालतो. शेवटचा अंक आधीच्या नऊ अंकांवरून गणिताने काढलेला असल्यामुळे एखादा अंक चुकल्यास यंत्र तो तत्काळ पकडते. खरा क्रमांक भलत्या जागी पडला, तर ते गणित मूकच राहते. चूक कळते ती विमा कंपनीच्या नोंदीशी मेळ बसत नाही तेव्हा.

तोवर दिवस गेलेले असतात. मुख्यत्वे ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी असलेल्या मेडिकेअर योजनेत सेवा दिल्यापासून एक वर्षाच्या आत दावा पोचावा लागतो. प्राथमिक तपासणीतच परत आलेला दावा दाखल झाला असे धरले जात नाही. मुदत टळल्यास योजनेच्या वाट्याची रक्कम रुग्णाकडून मागता येत नाही. मोठे रुग्णालय ती सोसू शकते. खेड्यातील दवाखान्याला ती जड जाते.

उपाय साधा, पण कंटाळवाणा आहे. नवा डॉक्टर रुजू होताच राष्ट्रीय नोंदवही, विमा कंपनीची नोंद आणि दवाखान्यातील नोंद शेजारी ठेवून नाव, पत्ता व क्रमांक ताडून पाहावे लागतात. राष्ट्रीय नोंदवही कोणालाही पाहता येते. तीत बदल ३० दिवसांत कळवावयाचा असतो. डॉक्टरच्या वतीने संस्थेने पैसे घेण्याची नोंद मेडिकेअरकडे पक्की झाल्यावाचून पहिला दावा पाठवू नये, हे उत्तम.

भारतातही २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये डॉक्टरांची एक व रुग्णालयांची दुसरी अशा नोंदवह्या आहेत. तालुक्याच्या गावी एकच सर्जन तीन-चार रुग्णालयांत शस्त्रक्रिया करतो. त्याची नोंद त्यांपैकी कोणाशी जोडलेली आहे, हे दावा लिहिणाऱ्या लिपिकाने त्यालाच विचारून घ्यावे.