निरोप पुढे धाडण्यापूर्वी



१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना, मुले पळविणारे समजून, जमावाने ठार मारले. तशा अफवा व्हॉट्सॲपवरून पसरल्या होत्या. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठविण्याची मर्यादा जाहीर केली. परंतु खऱ्याखोट्याची पारख आपणांसच केली पाहिजे. ज्ञातीच्या गटावर आपण स्थळे, शोकवार्ता व दुकानांच्या जाहिराती धाडतो; तेथे आप्ताचे नाव दिसताच मजकुरावर विश्वास बसतो. म्हणून निरोप पुढे धाडणे म्हणजे त्यास आपली साक्ष देणेच होय. ज्याचा मूळ कर्ता ठाऊक नाही, असा मजकूर कोणीही पुढे धाडू नये, अशी आमची नम्र विनंती आहे.