आवाज गेला म्हणजे मशीन गेलं नव्हे



मागच्या लग्नसराईतली गोष्ट. एका हळदीला आमच्या गटाच्या बँजो पार्टीची सुपारी होती. नवरी पाटावर बसलेली, बायका नाचायला उभ्या, आणि मी ऑक्टोपॅडवर स्टिक मारतेय तर आवाजच नाही! ढोलकीवर कसाबसा कार्यक्रम निभावला. यजमानांनी ठरलेल्या पैशांतले अर्धे कापले.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्यानं मशीन उघडूनसुद्धा बघितलं नाही. म्हणाला, "ताई, बोर्ड गेला. आठ हजार लागतील." मशीन गटाच्या कर्जातून घेतलेलं, हप्ते बाकी. बैठकीत दोघीतिघी म्हणाल्या, "मिळेल त्या किमतीला विकून टाका." तेवढ्यात आमच्या जाऊबाईंनी मशीनला हेडफोन लावला, एक पॅड वाजवला आणि ओरडल्या, "अगं, आत वाजतंय की!"

मशीन धडधाकट होतं. तुटली होती ती मिक्सरकडे जाणारी वायर. आपला चटणीचा मिक्सर नव्हे, साऊंडवाल्याचा! म्हणून आज हेच सांगायला आलेय: आवाज गेला की आधी घाबरायचं नाही आणि आधी पैसेही द्यायचे नाहीत. आधी शोधायचं.

शोधायचं कसं? शेतात पाणी पोचलं नाही तर आपण लगेच मोटार बदलतो का? नाही. विहिरीपासून वाफ्यापर्यंत पाइप बघत जातो. आवाजाचीही अशीच लाइन असते. आपण पॅडवर मारतो, पॅडखालचा सेन्सर तो धक्का ओळखतो, मशीन आवाज तयार करतं. तो वायरमधून मिक्सरला जातो, तिथून अॅम्प्लिफायरला आणि मग स्पीकरला. एका वेळी एकच गोष्ट तपासायची. चार गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कुठं होता ते कधीच कळत नाही.

पहिली तपासणी विजेची. दिवा लागत नसेल तर अॅडॉप्टर बघा. दुसऱ्याचा लावायचा असेल तर त्यावरचे आकडे मशीनवरच्या आकड्यांशी जुळवा. व्होल्ट तेवढेच हवेत. ९ व्होल्टच्या मशीनला १२ चा लावू नका. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, कमी नकोत. आणि पिनेचं चित्र असतं, त्यात मधे अधिक आहे की उणे, तेही जुळलं पाहिजे. उलटा लागला तर चांगलं मशीन खरंच जाईल.

दुसरी तपासणी हेडफोनची. याला जाड पिन लागते, ६.३५ मिलिमीटरची. मोबाइलच्या हेडफोनला जोडायचा कन्व्हर्टर दुकानात मिळतो, तो पिशवीत ठेवाच. आवाज बारीक करून हेडफोन लावा, मग हळूहळू वाढवा. आत वाजलं तर दोष बाहेर, म्हणजे वायर, मिक्सर किंवा स्पीकरमध्ये. आतही वाजलं नाही तर आवाजाची मुख्य कळ बघा. मग दुसरा किट लावून बघा. एखाद्या किटचा आवाज कुणीतरी शून्यावर नेलेला असतो, आणि लहान मुलांची बोटं कुठंही पोचतात.

तिसरी तपासणी वायरची. चांगली चालणारी दुसरी वायर लावा. आवाज आला तर जुनीच खराब. वायर बहुधा पिनेजवळ तुटते, कारण गुंडाळताना आपण तिथंच पिळतो. मशीनमागे आवाज बाहेर नेणारी दोन भोकं असतात. एकच वायर असेल तर ती 'एल' किंवा 'मोनो' लिहिलेल्या भोकात घाला. चुकून 'आर'मध्ये घातली तर काही आवाज अर्धवट येतात आणि आपल्याला वाटतं पॅड बिघडला.

आवाज फाटका येतोय? साऊंडवाल्या दादांना विचारा, "दादा, माइकच्या भोकात लावलंय का?" माइकचा आवाज बारीक असतो, तिथं मशीनचा जोरकस आवाज घातला की तो फाटतो. 'लाइन' लिहिलेल्या भोकात लावा.

एकाच पॅडचा आवाज येत नसेल तर त्या पॅडची सेन्सिटिव्हिटी बघा. एक पॅड मारला की शेजारचाही वाजत असेल तर स्टँडचे नट घट्ट करा, मोठा बेस स्पीकर लांब ठेवा. स्टँड हलला की शेजारच्या पॅडला तोही मारच वाटतो. एवढं करून राहिलंच तर 'थ्रेशोल्ड' थोडा वाढवा. फार वाढवलात तर हलका हात वाजणारच नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्पीकरमधून सारखी घूंऽऽ येत असेल तर कुणीतरी सांगेल, "अर्थिंगची पिन काढून टाका, आवाज जातो." मैत्रिणींनो, हे कधीच करू नका. ती पिन आपला जीव वाचवते. मशीन आणि मिक्सर एकाच बोर्डवरून चालवा, आवाजाची वायर विजेच्या वायरीपासून लांब घ्या. ओल्या मांडवात, ओल्या हातांनी प्लगला हात लावू नका.

आणि कुणी म्हणालं 'फॅक्टरी रीसेट मारा', तर थांबा. त्यानं तुम्ही जमवलेले किट पुसले जाऊ शकतात. आधी सगळं वहीत उतरवून घ्या. ते शेवटचं औषध.

हे सगळं करूनही हेडफोनमध्ये आवाज नाही आला, तर दुरुस्तीवाल्याकडे जरूर जा. पण जाताना सांगा, "वीज बघितली, हेडफोन लावला, किट बदलला." ज्या बाईला एवढं माहीत आहे, तिला बघितल्याशिवाय कुणी आठ हजार सांगत नाही.

आमच्या गटात आता एक पिशवी आहे: जादा वायर, हेडफोन, कन्व्हर्टर, पाना आणि टॉर्च. आणि वाजवणारी एकटी मी असले, तरी तपासता आम्हा सगळ्यांना येतं. त्या लग्नसराईनंतर एकही कार्यक्रम अर्ध्यावर थांबला नाही, आणि मशीनचा शेवटचा हप्ता गेल्या महिन्यात फिटला.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.