कृष्णविवराभोवतीची तबकडी
(कुर्डुवाडी येथे शिक्षक, पंचायत सदस्य आणि शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेले भाषण)



मी कला शाखेचा पदवीधर आहे. कृष्णविवरांवर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच की, त्यांच्याविषयी मी एकदा चुकीचे लिहिले आहे. काही वर्षांपूर्वी एका प्रसिद्धिपत्रकात 'कृष्णविवर आसपासचे सारे काही शोषून घेते' असे वाक्य मी घातले. एका माध्यमिक शिक्षकांचे पोस्टकार्ड आले : 'सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचे कृष्णविवर ठेवले, तर पृथ्वी त्यात पडेल काय?' पडणार नाही. ती आहे त्याच कक्षेत फिरत राहील. अंधारात आणि गारठून, हे निराळे.

या भागात जोंधळा हुरड्यावर आला की राखणदार गोफण फिरवतो. दगडाला हात सतत आत ओढीत असतो, तरी तो हातावर येऊन आदळत नाही, कारण त्याच्यापाशी फिरण्याचा वेग आहे. कृष्णविवर आपल्या जोडीदार ताऱ्याचा वायू ओढते, तेव्हा त्या वायूलाही असाच फेर असतो. म्हणून तो सरळ आत न पडता भोवती फिरू लागतो आणि त्याची चपटी तबकडी होते.

मग तो आत जातो तरी कसा? तबकडीचे आतले थर जलद फिरतात, बाहेरचे सावकाश. शेजारच्या थरांना चुंबकीय क्षेत्र जणू रबराच्या दोरीने बांधून ठेवते. ही दोरी आतल्या वायूला मागे खेचते आणि बाहेरच्याला पुढे ढकलते. बाल्बस आणि हॉली या शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये हे दाखवून दिले. म्हणजे आत पडायचे, तर आपला फेर आधी दुसऱ्याला देऊन टाकावा लागतो. या ओढाताणीत आतला वायू सुमारे एक कोटी अंशांपर्यंत तापतो आणि क्ष-किरण फेकतो. विवर काळे खरे, पण त्याचा उंबरठा झगझगीत असतो.

विवर स्वतःभोवती फिरत असेल, तर गोष्ट आणखी रंगते. न्यूझीलंडचे गणिती रॉय केर यांनी १९६३ मध्ये अशा विवराचे गणित सोडविले. ते आपल्याभोवतीचे अवकाशच फरफटत नेते. सूर्याच्या दहापट वस्तुमानाचे, न फिरणारे विवर घ्या. वायूला स्थिरपणे फिरता येईल अशी शेवटची कक्षा केंद्रापासून सुमारे ९० किलोमीटरवर असते. येथून सोलापूरच्या थोडे पलीकडे म्हणा. तेच विवर कमाल वेगाने, वायूच्याच दिशेने फिरत असेल, तर ही कक्षा सुमारे १५ किलोमीटरवर येते. वायू जितका खोल उतरेल तितकी ऊर्जा अधिक. हायड्रोजनचे हेलियम होताना शेकडा ०.७ भाग वस्तुमानाची ऊर्जा होते. न फिरणाऱ्या विवराच्या तबकडीत शेकडा ६ च्या आसपास आणि कमाल वेगाच्या विवराजवळ, निदान कागदावर, शेकडा ४२ पर्यंत. अणुभट्ट्यांचे कौतुक करणाऱ्या आम्हा माहिती खात्याच्या मंडळींना हा आकडा थक्क करणारा आहे.

तबकडीची आतली कड कोठे आहे, हे तिच्या क्ष-किरणांच्या वर्णपटावरून अजमावता येते, आणि त्यावरून विवराचा फेर कळतो. हे काम महाराष्ट्राला परके नाही. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून अॅस्ट्रोसॅट उपग्रह गेला. त्यावरील सौम्य क्ष-किरणांची दुर्बीण आणि क्ष-किरण मोजणारे तीन मोठे मापक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडले. या उपग्रहाची आणि अमेरिकेच्या चंद्रा दुर्बिणीची निरीक्षणे जुळवून ४यू १६३०-४७ या विवराचा फेर २०१८ मध्ये काढण्यात आला. कमाल मर्यादा १ धरली, तर तो ०.९२ भरला.

पोस्टकार्ड पाठविणाऱ्या गुरुजींना मी हा आकडा कळविला. त्यांचे उलट टपाली उत्तर आले : 'वर्गात सांगितला. मुले विचारतात, उरलेले ०.०८ कोठे अडले?'