रविवारचं गाणं, रविवारची कामं
(स्नेहमेळाव्याच्या सकाळच्या सत्रातील भाषण)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा 'छंद आणि आपण' या विषयावर पंधरा मिनिटं बोल असं सांगितलं. "तू गाण्याचा शौकीन, तुझ्याकडे कॅसेटींचा ढीग आहे, तूच बोल." मी लगेच हो म्हणून टाकलं. घरी बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "बोला ना. पण खरं बोला." मी तोवर जे भाषण लिहिलं होतं ते त्या रात्री फाडलं. हे दुसरं आहे.

आधी एक कबुली. मला गाता येत नाही, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. समूहगीताच्या वेळी आमच्या सरांनी मला शेवटच्या रांगेत उभं केलं होतं आणि हळूच सांगितलं होतं, "तू फक्त ओठ हलव." सर आज समोर बसले आहेत, हसताहेत. सर, तुमचा सल्ला मी आयुष्यभर पाळला. गाणं गायलो नाही, ऐकलं मात्र भरपूर.

अकोल्यात आमच्या घरी लाकडी पेटीचा रेडिओ होता. त्याचं लायसन्स असायचं, पोस्टात पैसे भरावे लागायचे. आजच्या पोरांना हे सांगितलं तर खोटं वाटतं. बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागायची आणि गल्ली शांत व्हायची. अमीन सायानींनी ती १९५२ साली सुरू केली, म्हणजे आपल्या जन्माच्याही आधी. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत कोणतं गाणं कितव्या पायदानावर, यावरून भांडणं व्हायची. त्यातले दोन भांडखोर आज पहिल्या रांगेत शेजारी शेजारी बसलेत.

सिलोनवरच सकाळी साडेसातला जुन्या गाण्यांचा कार्यक्रम असायचा. शेवटचं गाणं ठरलेलं, सहगलचं. आमच्या घरी ते घड्याळ होतं. सहगल लागला की आठ वाजायला आले. तोवर आईचा सडा झालेला, पाणी भरलेलं, अंगण खराट्याने झाडून झालेलं आणि चुलीत पऱ्हाटी धगधगत असायची. मी अंथरुणात पडून सहगल ऐकायचो. आई मात्र वेळ कळावी म्हणून ऐकायची. एकच गाणं, पण आमच्या दोघांचं ऐकणं असं वेगळं.

माझं आजोळ दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. ज्यांनी तो भाग पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे. विहिरीचं पाणी खारं, त्यात साबणाला फेस येत नाही, डाळ शिजता शिजत नाही. तिथं माझी आजी पहाटे जात्यावर बसायची आणि ओव्या म्हणायची. तिच्या ओव्यांत माहेर, भाऊ, पंढरपूर सगळं असायचं. आजी रिकाम्या हाताने गात बसली आहे, असं मी कधीच पाहिलं नाही. जातं थांबलं की ओवी थांबायची. गावात पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं. कष्ट वाचले, ते बरंच झालं. पण त्यानंतर आजीने ओवी म्हटलेली मला आठवत नाही. आपल्या वर्गातल्या मुलींना भुलाबाईची गाणी आठवत असतील. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत, घरोघरी, आणि शेवटी खिरापत ओळखायची. आम्ही मुलं फक्त खिरापतीपुरते हजर.

पुढे मला अमरावतीला नोकरी लागली. पहिल्या काही पगारांतून मी टेपरेकॉर्डर घेतला. शनिवारी संध्याकाळी बडनेऱ्याहून गाडी धरायची आणि अकोल्याला घरी यायचं. एका हातात टेपरेकॉर्डर आणि दुसऱ्या हातात आठवड्याच्या मळक्या कपड्यांची पिशवी. रविवारी सकाळी आई मोरीत माझे कपडे धूत असायची आणि मी समोरच्या खोलीत रेडिओला टेपरेकॉर्डर चिकटवून गाणी उतरवून घेत असायचो. तेव्हा वायर जोडून रेकॉर्ड करणं आमच्यासारख्यांना कुठलं ठाऊक! रेडिओसमोर माइकचं तोंड धरायचं आणि श्वास रोखून बसायचं. घरात कुणी भांडं आपटलं, कडी वाजवली, की मी ओरडायचो, "आवाज नका करू, रेकॉर्डिंग चालू आहे!" आणि घर गप्प व्हायचं. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला तीस मिनिटं. त्या तीस मिनिटांसाठी मी सगळ्यांना चवड्यांवर चालायला लावायचो.

लग्न झालं, बिऱ्हाड अमरावतीला थाटलं. बायकोने माहेरहून पेटी आणली होती. ती गाणं शिकलेली, दोन-तीन परीक्षा दिलेली. मला तर आनंदच झाला. गाण्याच्या शौकिनाला गाणारी बायको मिळाली! पहिल्या दिवाळीला पेटी वाजली, दुसऱ्या दिवाळीलाही वाजली. नंतर मुलगा झाला, घर भरत गेलं, पेटी पलंगाखाली गेली आणि तिथून माळ्यावर.

तिचा रविवार कसा असायचा, ते मी आज सांगू शकतो, कारण आता तो मी करतो. आठवड्याचे कपडे. चादरी. पंखे पुसणं. उन्हाळ्यात कूलरची टाकी घासून ताट्या धुणं. एप्रिलमध्ये वर्षाचे गहू आले की ते निवडून, एरंडेल लावून कोठीत भरणं. मग शेवया, कुरडया, पापड, मुगवड्या, गच्चीवर वाळवण आणि त्यावर चिमण्यांची राखण. या सगळ्यात माझा रविवार म्हणजे आरामखुर्ची, चहा आणि कॅसेट. ती गहू निवडताना गुणगुणायची. आणि मित्रांनो, बायकोने खरं बोला म्हटलंय म्हणून सांगतो, तिचं गुणगुणणं माझ्या गाण्यात येतं म्हणून मी टेपचा आवाज वाढवायचो. तीस वर्षं मी संगीतप्रेमी म्हणून मिरवलो. घरात जे एकमेव जिवंत गाणं होतं, त्यावर मी कॅसेट लावली.

माझ्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं तेव्हाची गोष्ट. मार्च संपत आलेला. ती कूलरच्या ताट्या धूत होती, ओल्या फरशीवर घसरली आणि उजव्या मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. मुलगा पुण्याला. भांड्यांना बाई होती, बाकी सगळं माझ्यावर. पहिल्या रविवारी मला कळलं की मला वॉशिंग मशीन लावता येत नाही. सत्तावन्नाव्या वर्षी मी खुर्चीवर बसलेल्या बायकोकडून शिकलो, की पांढरे कपडे वेगळे भिजवतात, कणीक मळताना पाणी एकदम ओतत नाहीत, आणि फरशी पुसायची तर आतून दाराकडे पुसत यायचं. मी उलटा पुसत गेलो आणि कोपऱ्यात अडकलो. ती हात गळ्यात बांधून पोट धरून हसली.

फरशी पुसायला सोबत हवी म्हणून मी कॅसेटींचा खोका काढला. तळाशी एक कॅसेट होती, तिच्यावर मीच लाल पेनाने 'खराब' लिहिलेलं. लावून पाहिली. १९८३ च्या उन्हाळ्यातली. 'उंबरठा' आदल्या वर्षी आला होता. आपल्या अमरावतीच्या सुरेश भटांचे शब्द, हृदयनाथांची चाल आणि लताबाईंचा आवाज. गाणं सुरू होतं आणि मध्येच मागून आईचा आवाज येतो, "काहून रे, कूलरमंदी पानी टाकलं नाही ना तू? मीच टाकू काय आता? हात पिठाचे हायेत माहे." लगेच माझा आवाज, "शूऽऽ! रेकॉर्डिंग!" मग आई काही बोलत नाही. गाणं चालू राहतं. आणि त्या गाण्याच्या मागे बादली उचलल्याचा आवाज येतो, आणि मग पाणी ओतल्याचा. हळू. अगदी हळू. माझी कॅसेट खराब होऊ नये म्हणून पिठाच्या हातांनी ती बादली तिने किती सांभाळून रिकामी केली असेल!

आईला जाऊन तेव्हा वीसेक वर्षं झाली होती. तिचा आवाज आमच्याकडे दुसरा कुठेच नाही. माझ्या दोनशे कॅसेटींतल्या ज्या स्वच्छ आहेत, ती गाणी आज मोबाइलवर कुणालाही मिळतात. माझ्याकडची म्हणावी अशी एकच, 'खराब' लिहिलेली. मी फडकं हातात घेऊन तिथेच बसलो. बायको काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "आता पुन्हा लावा. आणि ते पुसायचं राहिलंय तेवढं पुसून घ्या."

प्लास्टर निघालं तेव्हा तिची बोटं आखडली होती. डॉक्टर म्हणाले, बोटं हलवत राहा, नाहीतर तशीच राहतील. त्यांनी रबरी चेंडू दाबायला सांगितला. चार दिवस तिने चेंडू दाबला. पाचव्या दिवशी म्हणाली, "माळ्यावरची पेटी काढा." मी काढली. भात्याला भोकं पडली होती, दोन सूर दाबले की वर येतच नव्हते. अमरावतीतच एका कारागिराकडून भाता बदलून घेतला. ते दोन सूर अजूनही अडतात. ती डाव्या हाताने भाता मारायची आणि उजव्या हाताची बोटं एक-एक करून सुरांवर ठेवायची. पहिला महिनाभर जे ऐकू यायचं त्याला गाणं म्हणवत नव्हतं. पण बोटं सुटली.

मी तिला एकदा विचारलं, इतकी वर्षं पेटी का नाही मागितलीस? ती म्हणाली, "मागायला काय, तुम्ही काढून दिली असती. वाजवायला वेळ कुठून दिला असता?" याचं उत्तर माझ्याजवळ तेव्हाही नव्हतं आणि आजही नाही.

आपण वऱ्हाडातली माणसं. गाडगेबाबा आपले, शेंडगावचे. १८७६ चा जन्म. त्यांची समाधी अमरावतीत गाडगेनगरला आहे, मी कित्येक वर्षं तिच्यावरून ऑफिसला गेलो. शाळेत आपण त्यांच्यावर निबंध लिहिले आहेत. बाबा गावात आले की आधी खराटा हातात घ्यायचे. दिवसभर गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तन करायचे. ते लोकांना प्रश्न विचारायचे, लोक उत्तरं द्यायचे. तुकडोजी महाराजांची खंजिरीही तशीच. मोझरीला भजनाबरोबर ग्रामसफाई आलीच. निबंधात मी 'बाबांनी स्वच्छतेचा संदेश दिला' असं लिहून दहापैकी आठ मार्क घेतले. झाडणारे आणि गाणारे हात एकाच माणसाचे होते, हे मात्र फरशी पुसायला लागलो तेव्हा डोक्यात शिरलं. आमच्या घरात झाडणारे हात एकीचे होते आणि गाणं माझं होतं.

आता आमचा रविवार असा असतो. कपडे, कूलर, पंखे आणि फरशी माझ्याकडे. भाजी कधी ती करते, कधी मी. माझी तुरीची डाळ बरी होते, पोळ्या अजून नकाशासारख्या होतात. दहा ते अकरा ती पेटी घेऊन बसते. त्या तासात मी भांडी लावतो, आणि चुकून झाकण पडलं तर आतून आवाज येतो, "शूऽऽ!" माझ्यावर फेड चालू आहे, असं समजा.

मित्रांनो, छंदांवर बोलायला उभा राहिलो आणि धुणंभांड्यांवर बोललो, याबद्दल माफ करा. पण कुणाचाही छंद म्हटला की कुठूनतरी तास काढावा लागतो. माझे तास आधी आईच्या आणि मग बायकोच्या रविवारातून आले. मी ते कधी मोजले नाहीत.

शेवटी एकच प्रश्न विचारतो आणि बसतो. आपल्या वर्गातल्या सात-आठ मुली गॅदरिंगमध्ये गायच्या. एकीला आंतरशालेय स्पर्धेत बक्षीस मिळालं होतं, मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी तिचं नाव घेतलं होतं. त्यांपैकी आज किती जणी गातात? हात वर करा बरं.

(सभागृहात दोन हात वर झाले.)

दोन. आणि आम्ही मुलं? पत्ते, क्रिकेट, ट्रेकिंग, जुन्या मोटारसायकली, कॅसेटी... आमचे सगळ्यांचे छंद शाबूत आहेत.

मागच्या अंगणात रोडगे भाजले जाताहेत, वांग्याच्या भाजीचा वास इथवर आला आहे. कार्यक्रमपत्रिकेत 'भोजन – वाढप : भगिनी मंडळ' असं छापलं आहे. ते मी संयोजकांच्या परवानगीने खोडतो. वाढायला आज आम्ही. दहावी अ आणि ब ची सगळी मुलं, गुडघेदुखीवाले सोडून. आणि पंगत बसली की त्या सात-आठ जणींनी एकेक गाणं म्हणायचं. शब्द विसरले तरी चालेल, सूर हलला तरी चालेल.

वाढताना भांड्यांचा आवाज होईल. कुणी रेकॉर्ड करत असेल तर तो आवाज काढून टाकू नका.

चला, बाह्या वर करा.